स्पिंडल घडवणारी प्रथिने तपासताना: उंदराच्या अंडपेशींवर काम करण्याची पायरीवार पद्धत

अंडपेशीतून एखादे प्रथिन काढले, स्पिंडल (विभाजनात गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणारी तंतूंची रचना) बिघडलेला दिसला, म्हणून ते प्रथिन स्पिंडलच्या बांधणीला आवश्यक ठरले. यातला ‘बिघडलेला दिसला’ हा मधला भागच बहुतेक वेळा कच्चा असतो. टेबल थंड असेल तर स्पिंडल आखूड होतो. फिक्सेशनच्या वेळी, म्हणजे पेशी रसायनाने आहे तशी गोठवताना, कॅल्शियम मोकळे राहिले तर सूक्ष्मनलिका, म्हणजे स्पिंडलचे तंतू, विरतात. रोखून धरलेल्या पेशी विभाजनासाठी एका वेळी सुटल्या नसतील तर मागे पडलेली निरोगी पेशी आजारी वाटते. टोकाच्या बाजूने पाहिलेला चांगला स्पिंडल एकध्रुवी भासतो. या चारही गोष्टी प्रथिनाच्या अभावासारख्याच दिसतात, म्हणून पद्धतीचा क्रम मोडून चालत नाही.

पुढची पद्धत उंदराच्या अंडपेशींच्या पहिल्या अर्धगुणसूत्री विभाजनासाठी आहे. शाळेच्या पुस्तकात ज्यांना तुर्कतंतू म्हणतात, त्यांच्या या रचनेला प्रयोगशाळेत सगळे स्पिंडलच म्हणतात. तोच शब्द इथे ठेवला आहे.

## आधी ठरवा: तुमचे प्रथिन कधी कामाला येते

शरीरातल्या इतर बहुतेक पेशींत तारककेंद्रांची जोडी स्पिंडलचे ध्रुव ठरवते. उंदराच्या अंडपेशीत तारककेंद्रे नसतात. त्यांच्या जागी सूक्ष्मनलिका उगवणारी लहान लहान केंद्रे असतात. प्रयोगशाळेच्या बोलीत एमटॉक. केंद्रकपटल विरल्यावर अशी सुमारे ८० केंद्रे एकत्र येतात आणि मग दोन टोकांकडे वाटली जातात.

हे टप्प्याटप्प्याने होते. केंद्रकपटल विरण्याआधी पीएलके१ हे कायनेज (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारे विकर) एमटॉकचा घट्ट गोळा सैल करते. मग बिकडी२ या दुव्याने केंद्रकपटलाला बांधलेले डायनीन हे मोटर प्रथिन (सूक्ष्मनलिकांवरून चालणारे प्रथिन) तो ताणून पसरवते. पटल विरल्यावर केआयएफ११, म्हणजे ईजी५ ही मोटर, त्याचे आणखी तुकडे करते. ऑरोरा ए हे आणखी एक कायनेज एमटॉकवर राहून हे फुटणे आणि सूक्ष्मनलिकांची वाढ दोन्ही सांभाळते. गुणसूत्रांभोवती रॅन-जीटीपी, म्हणजे रॅन या प्रथिनाचे सक्रिय रूप, जास्त असते. तिथे टीपीएक्स२सारखी प्रथिने इंपोर्टिनच्या पकडीतून सुटतात. टीपीएक्स२ ऑरोरा ए जागे करते आणि टीएसीसी३ला कामाला लावण्यात मदत करते. एचयूआरपी स्पिंडलचा मधला पट्टा स्थिर ठेवते, त्यामुळे एमटॉक दोन बाजूंना नीट निवडले जातात.

काढण्याची रीत या वेळापत्रकावर ठरते. पूर्ण वाढलेल्या अंडपेशीत नवे आरएनए बनणे जवळपास थांबलेले असते आणि बरीच प्रथिने आधीच साठवलेली असतात. अशा साठवलेल्या प्रथिनावर एसआयआरएनए (ठरावीक आरएनए नष्ट करवणारा लहान आरएनए) टोचून काही होत नाही. आरएनए जातो, प्रथिन जागच्या जागी राहते, आणि ‘हे प्रथिन गरजेचे नाही’ असा चुकीचा निकाल लागतो. टीपीएक्स२ची गोष्ट वेगळी: सुरुवातीला ते कमी असते आणि पेशी परिपक्व होताना नव्याने साठते, त्यामुळे मॉर्फोलिनोने (आरएनएवर बसणाऱ्या कृत्रिम रेणूने) त्याचे भाषांतर, म्हणजे आरएनएपासून प्रथिन बनणे, रोखता येते. साठवलेल्या प्रथिनासाठी ट्रिम-अवे वापरा, म्हणजे ट्रिम२१ (प्रतिपिंड चिकटलेले प्रथिन नष्ट करवणारे विकर) आणि प्रतिपिंड टोचून प्रथिनच नष्ट करणे. कायनेज किंवा मोटरसाठी चांगले औषध मिळत असेल तर सुरुवात त्याने करणे सोपे.

तपासा: प्रथिन खरोखर कमी झाले हे वेस्टर्न ब्लॉटने (प्रतिपिंडाने प्रथिनाचे प्रमाण दाखवणाऱ्या चाचणीने) किंवा रंगवून दाखवल्याशिवाय पुढच्या एकाही चित्राला अर्थ नाही.

## तयारी

परवानगी. भारतात प्राण्यांवरच्या प्रयोगासाठी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. अर्ज सीसीएसईए या केंद्र सरकारच्या प्राणी-प्रयोग देखरेख समितीच्या फॉर्म बीवर होतो. उंदरांची संख्या तिथेच पटवून द्यावी लागते, म्हणून गट आणि पुनरावृत्त्या आधी मोजून ठेवा.

तापमान. सगळ्यात जास्त प्रयोग इथे फसतात. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीतला एसी १८ ते २० अंशांवर चालतो, गरम पाट ३७ दाखवतो, आणि डिशमधल्या थेंबात प्रत्यक्षात ३३ अंश असतात. बारीक थर्मोकपल थेंबात बुडवून मोजा. थेंबात ३७ अंश यावेत म्हणून पाट बहुधा ३८ किंवा ३९वर ठेवावा लागतो. पिपेट, डिशची झाकणे, फिक्सेशनचे द्रावण, सगळे गरम हवे. एसीची झोत थेट पाटावर येत असेल तर ती आधी वळवा.

माध्यमे. एम२मध्ये हेपेस (पीएच स्थिर ठेवणारे रसायन) असते, ते बाहेरच्या हवेत हाताळणीसाठी. एम१६मध्ये बायकार्बोनेट असते, त्याला ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो आदल्या रात्रीच इन्क्युबेटरमध्ये ठेवावा. हे दोन चुकून नेमके उलटे वापरले जातात. एम२ कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवला तर आम्ल होऊन पिवळा पडतो. एम१६ बाहेर राहिला तर गडद गुलाबी होतो. रंग बदललेला थेंब टाकून द्या.

मिलरिनोन. हे औषध अंडपेशीला केंद्रकपटल विरण्याआधीच रोखून धरते; ते धुऊन काढले की पेशी सुटते, म्हणजे विभाजन सुरू होते. डीएमएसओ या द्रावकात २.५ मिलिमोलर साठा करून १:१००० वापरा, म्हणजे माध्यमात २.५ मायक्रोमोलर आणि डीएमएसओ ०.१ टक्का. त्याऐवजी आयबीएमएक्स वापरत असाल तर २०० मायक्रोमोलर.

फिक्सेशनचे द्रावण, १० मिलिलिटर:
- हेपेस १ मोलर: १ मिलि
- ईजीटीए ०.५ मोलर: १ मिलि
- मॅग्नेशियम सल्फेट १ मोलर: ०.१ मिलि
- ट्रायटन एक्स-१०० चा १० टक्के साठा: ०.२ मिलि
- फॉर्माल्डिहाइड १६ टक्के, मिथेनॉलविरहित, ताज्या फोडलेल्या अँप्यूलमधून: १.२५ मिलि
- पाणी: ६.४५ मिलि

यात हेपेस १००, ईजीटीए ५० आणि मॅग्नेशियम १० मिलिमोलर, ट्रायटन ०.२ टक्के आणि फॉर्माल्डिहाइड २ टक्के येते. ईजीटीए कॅल्शियम बांधून ठेवते, आणि कॅल्शियम सूक्ष्मनलिकांचा शत्रू आहे. ईजीटीएचा साठा आम्लारीय पीएचलाच विरघळतो, म्हणून मिश्रणाचा पीएच फॉर्माल्डिहाइड घालण्याआधी ७.० वर आणा. ही पायरी गाळली जाते आणि मग ‘आमच्याकडे ट्युब्युलिन (सूक्ष्मनलिकांचे प्रथिन) रंगत नाही’ अशी तक्रार येते.

## १. अंडपेशी मिळवणे आणि निवडणे

१. मादीला पोटाच्या पोकळीत ५ आययू पीएमएसजी (पुटके वाढवणारे संप्रेरक) द्या. ४४ ते ४८ तासांनी अंडाशय काढा. एका मादीपासून साधारण ३० ते ५० चांगल्या पेशी मिळतात.
२. अंडाशय थेट मिलरिनोन घातलेल्या कोमट एम२मध्ये घ्या. मिलरिनोनविना काही मिनिटे गेली तरी काही पेशी पुढे निघतात.
३. सुईने पुटके फोडा. भोवती क्युम्युलस पेशींचा थर असलेल्या अंडपेशी उचला. उघड्या पेशींत अर्धवट वाढलेल्या आणि मरू लागलेल्या जास्त असतात.
४. आतून सुमारे १२० मायक्रोमीटर रुंद पिपेटमधून खालीवर करून क्युम्युलस काढा. त्याहून अरुंद पिपेट पेशीला पिळते.
५. झोना (अंडपेशीचे बाहेरचे कवच) सोडून सुमारे ८० मायक्रोमीटर व्यासाच्या, मध्यभागी स्वच्छ केंद्रक असलेल्या पेशी ठेवा. केंद्रक कडेला असेल, पेशीद्रव्य गडद किंवा खवलेदार असेल, तर काढून टाका.

सगळ्या उंदरांच्या पेशी एकत्र करूनच गट पाडा. पहिल्या उंदराच्या पेशी नियंत्रणाला आणि दुसऱ्याच्या प्रयोगाला दिल्या, तर फरक उंदरांचा की प्रथिनाचा हे शेवटपर्यंत कळत नाही.

## २. थांबवून ठेवलेल्या अवस्थेत प्रथिन काढणे

हे काम मिलरिनोनमध्येच करायचे.

अंडपेशीचे घनफळ सुमारे २७० पिकोलिटर. ५ ते १० पिकोलिटर टोचले तर ते २ ते ४ टक्के होते. त्याहून जास्त टोचले तर पेशी जगते, पण विभाजन उशिरा सुरू होते, आणि उशीर म्हणजे पुन्हा चुकीची तुलना. टोचलेल्या आरएनएपासून प्रथिन बनायला ३ ते ४ तास द्या.

ट्रिम-अवेच्या प्रतिपिंडात सोडियम अझाइड, जिलेटिन किंवा बीएसए असता कामा नये. बाटलीवरच्या पत्रकात ते लिहिलेले असते. अझाइड असेल तर १०० किलोडाल्टनच्या गाळणीतून पीबीएसने धुऊन घ्या. नियंत्रण गटाला ट्रिम२१ आणि त्याच प्राण्यातला साधा आयजीजी (कोणत्याही ठरावीक प्रथिनाला न धरणारे प्रतिपिंड), तितक्याच प्रमाणात.

इशारा: प्रतिपिंड सुमारे १५० किलोडाल्टनचे असते, ते केंद्रकात शिरत नाही. न्यूमासारखे केंद्रकात राहणारे प्रथिन त्यामुळे पटल विरल्यावरच नष्ट होऊ लागते. टोचल्यावर चार तासांनी ब्लॉट केला आणि प्रथिन तसेच दिसले, तर पद्धत फसली असे समजू नका. पटल विरल्यानंतर एक-दोन तासांनी पुन्हा तपासा.

औषध वापरत असाल तर सुरुवातीची मात्रा अशी धरा: ईजी५साठी मोनॅस्ट्रॉल १०० मायक्रोमोलर, पीएलके१साठी बीआय२५३६ १०० नॅनोमोलर, ऑरोरा एसाठी एमएलएन८२३७ १ मायक्रोमोलर. यावरून आपल्याकडची मात्रा चढती-उतरती करून ठरवा. स्निग्धप्रिय औषधे खनिज तेलात निघून जातात. २० मायक्रोलिटरचा थेंब तेलाखाली ठेवला तर काही तासांत त्यातली मात्रा घसरते आणि ‘औषधाचा परिणाम नाही’ असे दिसते. अशा वेळी तेल टाळून, भोवती पाण्याचा खंदक असलेल्या डिशमध्ये ५०० मायक्रोलिटर माध्यम घ्या.

औषध कधी घालायचे तेही महत्त्वाचे. पीएलके१चे काम पटल विरण्याआधी सुरू होते. एमटॉक सैल होण्यातला त्याचा वाटा तपासायचा असेल तर औषध पेशी सोडण्याआधी घालायला हवे. आधीच बनलेला द्विध्रुवी स्पिंडल टिकवायला ईजी५ लागते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी औषध सहाव्या तासाला घालायचे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका गटातून मिळत नाहीत.

## ३. सोडणे आणि वेळ मोजणे

१. मिलरिनोनविरहित माध्यमाच्या किमान पाच थेंबांतून पेशी धुवा. प्रत्येक वेळी पिपेटमधून जाणारे माध्यम कमीत कमी ठेवा. धुणे अपुरे झाले की अर्ध्या पेशी सुटतात, अर्ध्या अडकतात.
२. दर १५ ते २० मिनिटांनी पाहा. ज्या पेशीचे केंद्रक दिसेनासे झाले ती त्या वेळेच्या थेंबात हलवा.
३. शून्य तास म्हणजे केंद्रक दिसेनासे होण्याची वेळ. मिलरिनोन धुतल्याची वेळ धरू नका. सगळा गोंधळ इथून सुरू होतो.
४. दोन तासांत न सुटलेल्या पेशी प्रयोगातून काढा, पण त्यांची संख्या दोन्ही गटांत लिहून ठेवा. प्रयोगाच्या गटात त्या जास्त असतील तर तोही निकालच आहे.

तपासा: नियंत्रण गटात दोन तासांत ८० टक्क्यांहून कमी पेशी सुटल्या तर त्या दिवशी पुढे जाऊ नका. माध्यम, तापमान किंवा धुणे यांपैकी काहीतरी बिघडले आहे.

पटल विरल्यावर पहिल्या दोन तासांत गुणसूत्रांभोवती सूक्ष्मनलिकांचा गोळा दिसतो, तिसऱ्या ते पाचव्या तासात तो लांबट होऊन दोन ध्रुव येतात, आणि सहाव्या-सातव्या तासाला पिंपासारखा मध्यावस्थेतला स्पिंडल दिसतो. उंदराच्या जातीनुसार यात तास-दीड तासाचा फरक पडतो. म्हणून प्रथिनाला हात लावण्याआधी आपल्या जातीच्या साध्या पेशी १, ३, ५ आणि ७ तासांना फिक्स करून ठेवा. ही चार चित्रे पुढच्या प्रत्येक तुलनेची पट्टी असतात.

एका वेळी घेतलेले चित्र फसवते, याचे ठळक उदाहरण रॅन. रॅनचे काम रोखले तरी पहिल्या विभाजनात उंदराच्या अंडपेशीत स्पिंडल बनतो, फक्त उशिरा. फक्त चौथ्या तासाला पाहणारा म्हणेल की रॅनशिवाय स्पिंडल बनत नाही. फक्त आठव्या तासाला पाहणारा म्हणेल की रॅनची गरजच नाही. दुसऱ्या विभाजनात मात्र त्याच्या अभावी स्पिंडलचे खरे नुकसान होते. दोन विभाजने वेगळी तपासा आणि दोन वेळा तरी घ्या.

## ४. फिक्सेशन

१. द्रावण ३७ अंशांवर आणा आणि पाटावर ठेवा.
२. पेशी कमीत कमी माध्यमासह सरळ द्रावणात सोडा. आधी थंड पीबीएसने धुण्याची सवय इथे घातक आहे.
३. ३७ अंशांवर ३० मिनिटे ठेवा.
४. ०.१ टक्का ट्रायटन आणि ३ टक्के बीएसए असलेल्या पीबीएसमध्ये तीनदा धुवा.
५. ०.५ टक्का ट्रायटनच्या पीबीएसमध्ये रात्रभर ४ अंशांवर ठेवा. पेशी मोठी आहे. ही पायरी कमी केली तर प्रतिपिंड कडेलाच अडकते आणि मध्यभागचा स्पिंडल फिका पडतो.

तोंडाने ओढायची पिपेट फॉर्माल्डिहाइडला कधीही वापरू नका. ट्रायटनमध्ये पेशी पारदर्शक होतात आणि प्लास्टिकला चिकटतात, म्हणून प्रत्येक हलवण्यानंतर मोजा. हरवलेल्या पेशी योगायोगाने हरवत नाहीत. नाजूक झालेल्या आधी जातात आणि निकाल एका बाजूला झुकतो.

हात तपासण्यासाठी: सातव्या तासाच्या काही साध्या पेशी मुद्दाम बर्फावरच्या एम२मध्ये १० मिनिटे ठेवून फिक्स करा. गुणसूत्रांच्या कायनेटोकोरला (गुणसूत्रावर सूक्ष्मनलिका धरणाऱ्या जागेला) घट्ट जोडलेल्या सूक्ष्मनलिका उरतील, बाकीच्या विरतील. तुमच्या ‘गरम’ नियंत्रणातला स्पिंडल या चित्राकडे झुकलेला असेल तर पाटाचे तापमान पुन्हा मोजा.

## ५. रंगवणे

प्राथमिक प्रतिपिंड (प्रथिनाला धरणारे) रात्रभर ४ अंशांवर, दुय्यम (प्राथमिकाला धरणारे, चमकणारे) दोन तास खोलीच्या तापमानाला, मध्ये तीन लांब धुलाया. अल्फा-ट्युब्युलिनसाठी डीएम१ए क्लोन १:५०० पासून आजमावा. एमटॉकसाठी पेरिसेंट्रिन किंवा गॅमा-ट्युब्युलिन, कायनेटोकोरसाठी क्रेस्ट सीरम, गुणसूत्रांसाठी होएक्स्ट ३३३४२. फक्त ट्युब्युलिन आणि डीएनए रंगवून ध्रुवांबद्दल बोलू नका. ध्रुव कुठे आहे हे एमटॉक दाखवतात.

ट्रिम-अवे केलेल्या पेशींत ससा वापरून बनवलेले प्रतिपिंड टोचले असेल, तर रंगवताना सशाचे प्राथमिक प्रतिपिंड वापरू नका. दुय्यम प्रतिपिंड टोचलेल्यालाही धरते आणि काढून टाकलेले प्रथिन जागेवर चमकताना दिसते.

प्रत्येक खेपेला एक गट फक्त दुय्यम प्रतिपिंडाचा ठेवा.

## ६. चित्र घेणे

पेशी स्लाइड आणि कव्हरस्लिपच्या मध्ये दाबली की स्पिंडल चपटा होतो आणि लांबी वाढते. काचेच्या तळाच्या डिशमध्ये तेलाखाली लहान थेंबात ठेवा, किंवा स्लाइडवर अंतर राखणारी चौकट लावा. तळापासून खोल असलेल्या स्पिंडलसाठी पाण्यात चालणारे भिंग तेलाच्या भिंगापेक्षा बरे. कापांमधले अंतर १ मायक्रोमीटरपेक्षा जास्त नको, आणि स्पिंडल वरून खालपर्यंत पूर्ण घ्या. लेझरची ताकद नियंत्रण गटावर ठरवा, कुठेही रंग तुडुंब भरणार नाही अशी, आणि मग तीच सर्व गटांना.

लांबी त्रिमितीत दोन ध्रुवांच्या केंद्रांमधली मोजा. सपाट केलेल्या चित्रात तिरका स्पिंडल आखूड दिसतो. उभा स्पिंडल गोल फुलासारखा दिसतो आणि एकध्रुवी म्हणून मोजला जातो. चित्र फिरवून बाजूने पाहिल्याशिवाय ‘एकध्रुवी’ हा शब्द वहीत लिहू नका.

मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. फाइलींची नावे दुसऱ्याने बदलून द्यावी.

## ७. दिसले ते वाचणे

ईजी५ रोखल्यावर एमटॉक मध्यभागी गोळा होतात आणि गुणसूत्रे त्यांच्याभोवती कडे करतात. हा तुमचा पहिला सकारात्मक नियंत्रण गट असावा, कारण चित्र इतके स्पष्ट असते की तेही न दिसल्यास औषध तेलात गेले असे खुशाल समजा.

ऑरोरा ए नसताना एमटॉक फुटत नाहीत. मोजके मोठे गोळे उरतात आणि पेशी पहिल्या विभाजनातच अडकते. इथे ट्युब्युलिनपेक्षा एमटॉकची संख्या आणि आकार मोजा. पीएलके१ रोखल्यावरही एमटॉक घट्ट राहतात, त्यामुळे या दोघांना केवळ शेवटच्या चित्रावरून वेगळे करता येत नाही. पटल विरण्याआधीची आणि विरल्यावर तासाभराची पेशी पाहावी लागते.

टीपीएक्स२ कमी झाल्यावर सूक्ष्मनलिकांची एकूण घनता पाहा. एचयूआरपी नसेल तर गोळा बनतो, पण एमटॉक दोन बाजूंना निवडले जात नाहीत. म्हणून गोळा बनलेला दिसला तेवढ्यावर ‘सर्व ठीक’ म्हणू नका, पाचव्या तासापर्यंत थांबा.

गुणसूत्रेही मोजा. उंदराच्या पहिल्या मध्यावस्थेत २० जोड्या असतात. त्या मध्यरेषेवर नसतील तर आधी वेळ तपासा, मग प्रथिनाला दोष द्या.

शेवटचा पुरावा परत भरण्याचा. काढलेल्या प्रथिनाचा, पण प्रतिपिंड किंवा मॉर्फोलिनो ज्याला धरणार नाही असा बदललेला आरएनए टोचा. स्पिंडल पूर्ववत झाला तरच तो बिघाड त्या प्रथिनाचा. याच वेळी कायनेजचे काम बंद असलेला प्रकारही टोचला, तर प्रथिनाची हजेरी पुरते की त्याचे काम लागते, हेही कळते. प्रत्येक गटात २० ते ३० पेशी आणि तीन स्वतंत्र खेपा याहून खाली जाऊ नका.

हे निष्कर्ष माणसाच्या अंडपेशीला जसेच्या तसे लावू नका. तिथे स्पिंडल बनायला सुमारे १६ तास लागतात, उंदरासारखे एमटॉक ध्रुवांवर दिसत नाहीत आणि रॅनचा वाटा मोठा असतो. उंदराच्या आणि गाईच्या अंडपेशीत ध्रुव सांभाळणारी केआयएफसी१ ही मोटर माणसाच्या अंडपेशीत नसल्यासारखीच असते. ती बाहेरून घातली की अस्थिर स्पिंडल सावरतो. उंदरात केआयएफसी१ काढून मिळालेला स्पिंडल त्यामुळे माणसाच्या प्रश्नाशी ताडून पाहण्याजोगा आहे, मात्र त्यासाठी एका वेळेचे फिक्स केलेले चित्र पुरत नाही. तिथे जिवंत पेशीचे चित्रण लागते, आणि त्यासाठी एसआयआर-ट्युब्युलिन हा सूक्ष्मनलिकांचा रंग वापरत असाल तर १०० नॅनोमोलरच्या वर जाऊ नका, कारण तो रंग स्वतःच सूक्ष्मनलिकांना स्थिर करतो.